वजिरासमोरच्या प्याद्याचा डाव

बुद्धिबळाचा डाव सुरू करताना पांढऱ्या मोहऱ्यांच्या खेळाडूपुढे वीस चाली असतात. आठही प्यादी एक किंवा दोन घरे पुढे जाऊ शकतात आणि दोन्ही घोड्यांना प्रत्येकी दोन जागा मिळतात. स्पर्धांमधले बहुसंख्य डाव मात्र यांतल्या दोनच चालींनी उघडतात. राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे सरकते, नाहीतर वजिरासमोरचे. पटाच्या उभ्या रांगांना पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच अशी नावे आहेत आणि आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे आकडे. त्यानुसार पहिली चाल ई४ आणि दुसरी डी४. दुसऱ्या चालीने सुरू होणारे डाव म्हणजे वजिरासमोरच्या प्याद्याचे डाव.

नोव्हेंबर २०२५ मध्ये असे कितीतरी डाव गोव्यात खेळले गेले. बार्देश तालुक्यातील हडफडे येथे फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाची विश्वचषक स्पर्धा झाली. बाद पद्धतीच्या या स्पर्धेत २०६ खेळाडू होते. २००२ साली हैदराबादला झालेल्या विश्वचषकानंतर ही स्पर्धा पुन्हा भारतात आली आणि तिच्या चषकाला विश्वनाथन आनंदचे नाव देण्यात आले. अंतिम फेरीत उझबेकिस्तानच्या १९ वर्षांच्या जावोखिर सिंदारोवने चीनच्या वेई यीला टायब्रेकरमध्ये हरवले. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत ज्यांनी पडद्यावर हे डाव पाहिले, त्यांतल्या नवख्या प्रेक्षकांना एक गोष्ट नक्की जाणवली असेल. ई४ने सुरू झालेल्या डावात मारामारी लवकर दिसते; डी४च्या डावात मात्र दहा-बारा चाली होऊनही पट भरलेलाच असतो आणि तरीही दोघे खेळाडू घड्याळाची मिनिटे खर्च करत विचारात बुडालेले असतात. ते कशाचा विचार करतात, हे समजायला एक डाव नीट पाहिला तरी पुरते. तो डाव म्हणजे २०१३ साली नेदरलँड्समधील विक ऑन झी येथे लेव्हॉन अरोनियन आणि आनंद यांच्यात झालेला. यातला अरोनियन हडफड्याच्या विश्वचषकातही खेळला आणि तिथे अर्जुन एरिगैसीकडून बाद झाला.

दोन चालींतला फरक

ई४वर गेलेल्या प्याद्यामागे सुरुवातीला कोणाचाही आधार नसतो. डी४वरचे प्यादे मात्र पहिल्या क्षणापासून वजिराच्या आधाराने उभे असते. त्यामुळे त्याच्यावर घाईने हल्ला करून काळ्याला फारसे काही मिळत नाही. पांढऱ्याची पुढची इच्छा उघड असते. ई४वरही प्यादे आणायचे आणि पटाचा मध्य दोन प्याद्यांनी व्यापायचा. काळा ते सहज होऊ देत नाही. तो डी५वर प्यादे आणतो किंवा घोडा एफ६वर काढतो. दोन्हींचा उद्देश ई४ या घरावर पहारा ठेवणे हाच.

समोरासमोर अडलेली डी४ आणि डी५ ही प्यादी एकमेकांना मारू शकत नाहीत, कारण प्यादे तिरके मारते. म्हणून पांढरा शेजारचे सी प्यादे दोन घरे पुढे ढकलतो आणि डी५ला बाजूने धक्का देतो. हाच वजिराचा गॅम्बिट. गॅम्बिट म्हटले तरी हे प्यादे खरोखर फुकट दिलेले नसते. काळ्याने ते मारून जपायचा हट्ट धरला, तर काय होते ते नवशिक्यांना सहसा पहिल्या काही धड्यांतच दाखवतात (× म्हणजे मारणे). १. डी४ डी५ २. सी४ डी×सी४ ३. ई३ बी५ ४. ए४ सी६ ५. ए×बी५ सी×बी५ ६. वजीर एफ३, आणि कोपऱ्यातल्या हत्तीवर वजिराची सरळ नजर जाते. हत्ती वाचवायचा तर काळ्याला घोडा किंवा उंट गमवावा लागतो.

या सुरुवातीत एक कायमची अडचण असते. मध्यातल्या प्याद्यांना आधार द्यायला पांढरा ई३ खेळला, की त्याचा सी१वरचा उंट स्वतःच्याच प्याद्यामागे कोंडला जातो. काळा ई६ खेळला, की त्याचा सी८वरचा उंट तसाच अडकतो. ई४ने उघडलेल्या डावात उंटांच्या वाटा बहुधा लवकर मोकळ्या होतात. इथे त्या मोकळ्या करायला प्याद्यांची रचना फोडावी लागते. ती कोणी, कधी आणि कोणत्या प्याद्याने फोडायची, यावरच डी४च्या डावाचे भवितव्य ठरते. वरवर शांत दिसणाऱ्या दहा-बारा चालींत दोन्ही खेळाडू याच प्रश्नाशी झगडत असतात.

नियमातून घडलेली सुरुवात

भारतीय परंपरेतल्या खेळात प्यादे एकेक घरच सरकत असे. पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची मुभा आणि वजिराला मिळालेली आजची ताकद हे बदल युरोपात रुजले, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस नवा खेळ स्थिरावला. वजिराच्या गॅम्बिटची नोंदही त्याच सुमाराच्या हस्तलिखितांत सापडते. तरी पुढची काही शतके युरोपात राज्य होते ते ई४चे. झटपट हल्ला आणि राजावर तुटून पडणे हीच शूर खेळाची खूण मानली जात होती. बचावाचे शास्त्र सुधारले, तशी डी४ची किंमत कळत गेली. १९२७ साली ब्वेनोस आयर्स येथे कापाब्लांका आणि अलेखाइन यांच्यात झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत ३४ डाव झाले. त्यांतले ३२ वजिराचा गॅम्बिट नाकारण्याच्या एकाच पद्धतीचे होते.

या इतिहासात भारताचा वाटा एका बंगाली खेळाडूमुळे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कोलकात्यात जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी महेशचंद्र बंदोपाध्याय असंख्य डाव खेळले. देशी पद्धतीत वाढलेल्या महेशचंद्रांना प्यादी सावकाश सरकवण्याची सवय होती. मध्य प्रतिस्पर्ध्याला देऊन ते घोडा एफ६वर काढत आणि राजाच्या बाजूचा उंट जी७वरून लांब पल्ल्याने लावत. कॉक्रेनमुळे हे डाव इंग्लंडमध्ये छापले गेले. तेव्हा विचित्र वाटलेली ही मांडणी विसाव्या शतकात प्रतिष्ठित झाली. किंग्ज इंडियन, निम्झो इंडियन, क्वीन्स इंडियन ही आज जगभर चालणारी नावे त्याच वंशातली आहेत.

काळ्याची उत्तरे

डी४ आणि सी४ या चालींना काळ्याची चार मुख्य उत्तरे आहेत. पहिले, सी४वरचे प्यादे मारायचे आणि ते जपत न बसता मोहरी बाहेर काढायची. जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकात नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांच्यातल्या अंतिम लढतीचा पहिला डाव या स्वीकृत गॅम्बिटचा होता. तो बरोबरीत सुटला. पुढे दिव्याने टायब्रेकरमध्ये लढत जिंकली आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली.

दुसरे उत्तर ई६. हा नाकारलेला गॅम्बिट. भक्कम, पण सी८चा उंट कोंडणारा. २०२४ साली सिंगापूरमधल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डी. गुकेशने डिंग लिरेनविरुद्ध पहिला विजय मिळवला तो तिसऱ्या डावात, याच पद्धतीत. अवघड स्थितीत डिंगची वेळ संपली. तिसरे उत्तर सी६, म्हणजे स्लाव्ह बचाव. यात उंटाची वाट खुली राहते. सी६ आणि ई६ ही दोन्ही प्यादी खेळली तर तो अर्ध-स्लाव्ह होतो. रचना दगडासारखी घट्ट, पण उंट पुन्हा आत. चौथे उत्तर इंडियन पद्धतींचे. त्यांत डी५ लगेच खेळतच नाहीत.

शालेय स्पर्धांत वेगळेच चित्र दिसते. तिथे डी४ खेळणारी बरीच मुले सी४ टाळतात, उंट आधी एफ४वर काढतात आणि मग ई३, सी३ अशी प्यादी रचतात. ही लंडन पद्धत. तिचे आकर्षण सोपे आहे: उंट कोंडला जाण्याआधीच बाहेर येतो आणि काळा काहीही खेळला तरी पहिल्या सात-आठ चाली जवळजवळ त्याच राहतात. मात्र डी५वर दबाव येत नसल्याने काळ्यालाही आपली मोहरी निवांत काढता येतात.

विक ऑन झी, १५ जानेवारी २०१३

टाटा स्टील स्पर्धेची ती चौथी फेरी होती. आनंद त्या वेळी जगज्जेता होता आणि अरोनियन जगातल्या आघाडीच्या तीन-चार खेळाडूंत गणला जात होता. पांढरी मोहरी अरोनियनकडे होती. पट मांडून डाव पाहू इच्छिणाऱ्यांसाठी पूर्ण चाली अशा; रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उ उंट, घ घोडा आणि + म्हणजे शह.

१. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घ-एफ३ घ-एफ६ ४. घ-सी३ ई६ ५. ई३ घ(बी)-डी७ ६. उ-डी३ डी×सी४ ७. उ×सी४ बी५ ८. उ-डी३ उ-डी६ ९. किल्लेकोट किल्लेकोट १०. व-सी२ उ-बी७ ११. ए३ ह-सी८ १२. घ-जी५ सी५ १३. घ×एच७ घ-जी४ १४. एफ४ सी×डी४ १५. ई×डी४ उ-सी५ १६. उ-ई२ घ(डी)-ई५ १७. उ×जी४ उ×डी४+ १८. रा-एच१ घ×जी४ १९. घ×एफ८ एफ५ २०. घ-जी६ व-एफ६ २१. एच३ व×जी६ २२. व-ई२ व-एच५ २३. व-डी३ उ-ई३, आणि पांढऱ्याने डाव सोडला.

पहिल्या पाच चालींत अर्ध-स्लाव्हची रचना उभी राहते. पांढऱ्याचा सी१वरचा उंट ई३मागे आणि काळ्याचा सी८वरचा उंट ई६मागे कोंडलेला आहे. दोघांची अडचण सारखीच. सहाव्या आणि सातव्या चालीत काळा सी४वर मारतो आणि लगेच बी५ खेळून पांढऱ्या उंटाला मागे हटवतो. या चालीमुळे कोंडलेल्या उंटाला बी७ हे घर मिळते. ही मेरान पद्धत. १९२४ साली इटलीतल्या मेरान गावी ग्रुनफेल्डविरुद्ध अकिबा रुबिनस्टाइन काळ्या मोहऱ्यांनी ती खेळून जिंकला, तेव्हापासून तिला त्या गावाचे नाव मिळाले.

बी७वर उंट आला तरी त्याच्यापुढे स्वतःचेच सी६ प्यादे उभे आहे. म्हणून काळ्याचे सगळे नियोजन सी५ या एका चालीसाठी चालते. अकराव्या चालीत हत्ती सी८वर येतो तोही त्याचसाठी. अरोनियनचे उत्तर आक्रमक आहे. बाराव्या चालीत तो घोडा जी५वर आणतो. सी२वरचा वजीर, डी३वरचा उंट आणि हा घोडा, तिघांचाही रोख काळ्या राजाशेजारच्या एच७ प्याद्यावर. इथे बहुतेक खेळाडू ते प्यादे आधी सांभाळतील. आनंद सी५ खेळला. एच७ गेले तरी चालेल, पण उंटाची वाट आत्ताच मोकळी झाली पाहिजे, असा त्याचा हिशेब होता.

तेराव्या चालीत घोड्याने एच७ मारले आणि एफ८च्या हत्तीवर हल्ला केला. आनंदने हत्तीकडे पाहिलेही नाही. घोडा जी४वर गेला आणि डी६चा उंट एच२वर टपला. तो धोका टाळायला पांढऱ्याला एफ४ खेळावे लागले. यामुळे एच२ची वाट बंद झाली, पण जी१वरच्या राजाकडे जाणारी दुसरी तिरकी रेषा उघडी पडली. पंधराव्या चालीत डी६चा उंट सी५वर जाऊन नेमका त्या रेषेत उभा राहिला. डी४ प्याद्याने त्याला मारता येत होते. पण मग डी७चा घोडा सी५वर परत मारतो, डी रांग उघडते आणि काळा वजीर डी४वरून शह देत आत घुसतो. अरोनियनने उंट ई२वर आणून जी४च्या घोड्याला विचारणा केली.

सोळावी चाल या डावाचे शिखर. डी७चा घोडा ई५वर आला, तिथे त्याला एफ४ प्याद्याने मारता येते. त्याच वेळी एफ८चा हत्ती, सी५चा उंट आणि जी४चा घोडाही पांढऱ्याच्या माऱ्यात आहेत. काळ्याची चार मोहरी एकाच वेळी टांगणीला लागलेली असताना त्यातली कोणती मारायची? ई५चा घोडा मारला तर काळा वजीर डी४वर शह देतो, राजा एच१वर जातो, वजीर जी१वर स्वतःचे बलिदान देऊन पुन्हा शह देतो. उंटाचा आधार असल्याने राजाला तो मारता येत नाही. हत्तीने मारावा लागतो. मग जी४चा घोडा एफ२वर येऊन मात करतो, कारण राजाभोवतीची सगळी घरे त्याच्याच मोहऱ्यांनी अडवलेली असतात.

अरोनियनने जी४चा घोडा मारला. काळ्या उंटाने डी४वरून शह दिला, राजा कोपऱ्यात गेला, दुसऱ्या घोड्याने जी४वर परत मारले. आता पांढऱ्या घोड्याने एफ८चा हत्ती टिपला. पांढरा वजीर एच७वर शह द्यायला सज्ज होता. एकोणिसाव्या चालीत आनंदने ना शह दिला ना काही मारले. नुसते एफ५ खेळला. त्या एका प्याद्याने वजिराची तिरकी वाट बंद केली आणि जी४च्या घोड्याला आधारही दिला. काळ्या वजिराला एच४वर येऊ न देण्यासाठी पांढरा घोडा जी६वर गेला आणि तिथे मारला गेला.

शेवटी हिशेब असा होता: पांढऱ्याकडे दोन हत्ती, एक उंट, एक घोडा, काळ्याकडे एक हत्ती, दोन उंट, एक घोडा. प्यादी दोघांची पाच-पाच. कागदावर पांढरा वरचढ. पण त्याचा सी१चा उंट आणि ए१चा हत्ती सबंध डावात एकदाही हलले नव्हते. उलट बी७चा काळा उंट, ज्याच्यापुढे अकरा चालींपर्यंत स्वतःचे प्यादे होते, त्याची नजर आता थेट जी२वर होती. बाविसाव्या चालीला काळा वजीर एच५वर आल्यावर पांढऱ्या राजासमोरची दोन्ही प्यादी जखडली गेली. एच३चे प्यादे वजिरामुळे हलू शकत नव्हते आणि जी२चे उंटामुळे. एच३वर मात होणार होती. ती थांबवायला पांढरा वजीर डी३वर आला. तिथून तिसऱ्या रांगेतून एच३ला आधार मिळत होता. आनंदने उंट ई३वर ठेवला. रांग मधेच तुटली, आधार संपला, अरोनियनने हात पुढे केला.

एकशे सहा वर्षांपूर्वीची छाया

डाव संपल्यावर आनंदलाच एका जुन्या डावाची आठवण झाली. १९०७ साली लोज शहरात रोटलेवी विरुद्ध रुबिनस्टाइन हा डाव झाला, तोही वजिरासमोरच्या प्याद्याने सुरू झालेला आणि तिथेही काळाच जिंकला. तिथेही काळ्याचे दोन्ही उंट शेजारशेजारच्या तिरक्या रेषांतून पांढऱ्या राजावर रोखलेले होते. बाविसाव्या चालीत रुबिनस्टाइनने वजीर मारू दिला, पुढच्याच चालीत दुसरा हत्तीही पुढे केला आणि पंचविसाव्या चालीत रोटलेवीने डाव सोडला.

मधल्या काळात बदलली ती तयारी. रुबिनस्टाइनला पटावर बसून सगळे शोधावे लागले होते. आनंदच्या डावामागे मात्र २०१२ साली मॉस्कोत बोरिस गेल्फंडविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी केलेला अभ्यास होता. त्या लढतीत आनंद काळ्या मोहऱ्यांनी अर्ध-स्लाव्ह खेळला, पण ही कल्पना वापरायची वेळ आली नाही. ती काही महिन्यांनंतर विक ऑन झीत उपयोगी पडली. संगणकाच्या मदतीने केलेले असे संशोधन ही आजच्या बड्या खेळाडूंची खरी शिदोरी असते. पटावर ती आठवणे आणि समोरच्याने वाट बदलली तर स्वतः गणित करणे हे तरीही माणसालाच करावे लागते. हडफड्यात पारंपरिक डावांना ४० चालींसाठी ९० मिनिटे, नंतर ३० मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे ३० सेकंद असा वेळ होता. तयारी संपल्यावर याच वेळात सी५सारख्या चालीचा निर्णय घ्यावा लागतो.

गोव्याच्या पटावर

विक ऑन झीशी गोव्याचे नाते आता थेट जुळले आहे. गोव्याचा लिऑन मेंडोन्सा चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, २०२४ साली त्याने टाटा स्टीलची चॅलेंजर्स स्पर्धा जिंकली आणि २०२५ मध्ये तो ज्या गटात आनंद-अरोनियन डाव झाला त्याच मास्टर्स गटात खेळला. त्याच्याआधी २०१७ साली अनुराग म्हामल गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर झाला होता. भक्ती कुलकर्णीने २०१६ मध्ये आशियाई महिला अजिंक्यपद जिंकले आणि २०२२च्या ऑलिम्पियाडमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघात ती होती. इवाना फुर्तादोने २००६ आणि २००७ साली आठ वर्षांखालील मुलींचे जागतिक विजेतेपद मिळवले.

या शिडीची खालची पायरी तालुका पातळीवर आहे. क्रीडा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा आधी तालुक्यात होतात. पेडणे, डिचोली, सत्तरीतली मुले तिथूनच पुढे जातात. तिथे डी४ने डाव सुरू करणाऱ्या मुलाने पाठ केलेल्या चालींपेक्षा दोन प्रश्न लक्षात ठेवले तर अधिक फायदा होतो. माझा कोंडलेला उंट कोणता आणि कोणते प्यादे पुढे गेले की तो मोकळा होईल? समोरच्याचा कोणता, आणि तो मोकळा होण्याआधी त्याला किती वेळ अडवता येईल? आनंदने बाराव्या चालीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले. अरोनियनला तेविसाव्या चालीपर्यंत ते देता आले नाही. दोघांमधला फरक एवढाच होता आणि डाव जिंकायला तो पुरला.